सात म्हणजे किती?

रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा लेस्टरहून फोन आला. मुलाकडे तीन महिन्यांसाठी गेली होती. साखर तपासायचं मशीन इकडेच विसरली, म्हणून सुनेनं तिथल्या दुकानातून नवीन आणलं होतं. "ताई, माझी साखर सात आलीय गं! दोन पेढे खाल्लेत, अजून खाऊ का?"

आपल्याकडे साखर सत्तरच्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात. चाळिसाला माणूस बरळायला लागतो. ही सातवर असून पेढ्यांची चौकशी करत होती. मी म्हटलं, "पेढ्यांचा डबा बंद कर. साताला अठरानं गुण." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग बारीक आवाजात, "एकशे सव्वीस?"

छत्तीस वर्षं मी सरकारी रुग्णालयांत परिचारिका होते. शेवटची काही वर्षं इन्चार्ज सिस्टर. आता निवृत्त आहे, पण बिल्डिंगमधल्या कोणाचाही रिपोर्ट आधी माझ्या स्वयंपाकघरात येतो आणि मग डॉक्टरकडे जातो. इतक्या वर्षांत बेरीज-गुणाकार चुकल्यामुळे झालेले घोटाळे मी मोजकेच पाहिले. आकडा बरोबर, पण देणाऱ्याच्या मनात एक माप आणि घेणाऱ्याच्या मनात दुसरं, असे घोटाळे मात्र पुष्कळ पाहिले. काही मी स्वतःही केले. त्यांतून जे शिकले ते इथे मांडते.

१. आधी देश विचारा, मग घाबरा

आंबे कोणी डझनावर घेतं, कोणी किलोवर. रक्तातल्या साखरेचंही तसंच आहे. आपण आणि अमेरिकेतले लोक तिचं वजन करतो: १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम. इंग्लंडमध्ये नग मोजतात: लिटरमध्ये किती मिलिमोल. डझनभर हापूस आणि डझनभर रायवळ यांचं वजन सारखं भरत नाही, म्हणून प्रत्येक पदार्थाचा गुणाकार वेगळा. ग्लुकोजला १८. कोलेस्टेरॉलला साधारण ३९. क्रिएटिनिनचे तर मिलिमोलही नाहीत, मायक्रोमोल, तिथे ८८.४ नं भागायचं.

आमच्या शेजारच्या काकांच्या मुलानं लंडनहून रिपोर्टचा फोटो पाठवला. क्रिएटिनिन ८८. काकांचं स्वतःचं १.४ झालं होतं तेव्हा डॉक्टरांनी त्यांना मूत्रपिंडावर लांबलचक व्याख्यान दिलं होतं. मुलाचं ८८ बघून ते रात्रभर झोपले नाहीत. सकाळी माझ्याकडे आले तेव्हा डोळे लाल. ८८ म्हणजे आपलं एक. मुलगा ठणठणीत होता. त्याचं हिमोग्लोबिन १४५ लिहिलं होतं, ते आपलं साडेचौदा. तिकडे लिटरमागे ग्रॅम लिहितात, एवढाच फरक.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट, एचबीएवनसी, मात्र एका गुणाकारात बसत नाही. आपले ७ टक्के म्हणजे त्यांचे ५३, आणि साडेसहा टक्के म्हणजे ४८. तिथे आधी २.१५ वजा करावे लागतात, मग १०.९३ नं गुणावं लागतं. हे तोंडी करू नका. परदेशातून येणाऱ्याला दोन्ही मापांत लिहिलेला रिपोर्ट आणायला सांगा.

२. चमचा हे भांडं आहे, माप नाही

"दोन चमचे दिले" असं आई सांगते तेव्हा मी विचारते, "कोणत्या चमच्यानं?" चहात साखर घालायचा, पोहे खायचा, आमटी वाढायचा, आणि बारशाला आलेला चांदीचा इवलासा, चमचे चार आणि प्रत्येकात मावणारं औषध निराळं. डॉक्टरांचा चमचा म्हणजे ५ मिलि. घरातल्या चमच्यांत मी सिरिंजनं पाणी भरून पाहिलंय. एकात अडीच मावलं, एकात सात.

बाटलीच्या टोपणावर रेघा असतात, त्याच वापरा. टोपण नजरेच्या उंचीवर धरा, उभ्यानं वरून बघितलं तर रेघ चुकते. अगदी लहान बाळासाठी सुई काढलेली सिरिंज सगळ्यांत चांगली. मी तर लग्नाच्या आहेरात पेले देण्याऐवजी मापाचे कप द्या म्हणते. ऐकत कोणी नाही.

३. बाटलीवरचा पहिला आकडा अर्धाच असतो

तापाच्या पॅरासिटामॉलच्या बाटलीवर १२५ लिहिलेलं असतं. दुसरीवर २५०. तिसरी छोटी ड्रॉपरवाली असते, तिच्यावर १००. कोणालाही वाटेल, शंभरवालं सगळ्यांत सौम्य. खरं तर तेच सगळ्यांत कडक. पहिल्या दोन आकड्यांपुढे बारीक अक्षरांत "दर ५ मिलिमध्ये" असं असतं, आणि ड्रॉप्सवर "दर १ मिलिमध्ये".

दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे असतील तर १२५ च्या औषधाचे ६ मिलि, २५० च्या औषधाचे ३ मिलि, आणि ड्रॉप्सचे जेमतेम दीड मिलि. एकच डोस, तीन मापं.

एक आई वाड्यावरून पोराला घेऊन आली. पातळ औषध संपलं होतं, बाजारात ड्रॉप्स मिळाले, तिनं नेहमीप्रमाणे टोपणानं ६ मिलि पाजले. दोनदा. तक्रार काय, तर "बाई, ही बाटली लई बारकी हाय, दोन खेपंलाच तळ गाठला, मोठी लिहून द्या." दर खेपेला पोराच्या पोटात चौपट औषध गेलं होतं. आम्ही त्याला ठेवून घेतलं, रक्त तपासलं, यकृत शाबूत निघालं, तिसऱ्या दिवशी घरी गेलं. ती आई अडाणी नव्हती, चांगली सातवी पास होती. मिलि तिनं बरोबर मोजले होते. मिलिमध्ये काय आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून आईबापांना डोस सांगताना मी बाटली हातात घेऊनच सांगते, आणि म्हणते, "बाटली बदलली की परत या."

४. पुडी एवढीशी, पाणी लिटरभर

ओआरएसची मोठी पुडी लिटरभर पाण्यासाठी असते. सध्याच्या पुडीत २०.५ ग्रॅम पावडर असते आणि लिटरभर पाण्यात ती कालवली की सोडियम ७५ मिलिमोल भरतं. तीच पुडी एका पेल्यात ओतली की पाचपट खारट द्रावण होतं. असं पाणी आतड्यात गेलं की अंगातलंच पाणी बाहेर ओढतं. जुलाब थांबवायला दिलेलं औषध जुलाब वाढवतं, रक्तातलं मीठ चढतं, आणि आई म्हणते, "पुडी दिली तरी उतार नाही."

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण पाजून पटकीचे रोगी वाचवले. सलाईन पुरत नव्हतं, पण माप पक्कं होतं. त्या मिश्रणात काही जादू नव्हती, होतं ते प्रमाण.

खेड्यात लिटर कसा मोजायचा? एसटी स्टँडवर मिळते ती पाण्याची मोठी बाटली लिटरची असते. तिच्यात गळ्यापर्यंत पाणी भरा, पातेल्यात ओता, सगळी पुडी घाला. आता पेलाभर पाण्यासाठीच्या, २०० मिलिच्या छोट्या पुड्याही मिळतात. त्यामुळे गोंधळ कमी झाला की वाढला, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. पुडीवर किती पाणी लिहिलंय ते वाचणं, एवढाच त्यावर उपाय.

५. लाल टोपीची जोडी लाल टोपीशीच

आपल्याकडे इन्सुलिनची साधी बाटली बहुधा ४० ची असते, म्हणजे १ मिलिमध्ये ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपीची. पेनातलं इन्सुलिन आणि काही बाटल्या १०० च्या असतात, त्या बाटल्यांची सिरिंज केशरी टोपीची. सिरिंजवरच्या रेघा मिलिच्या नसतात, थेट युनिटच्या असतात. म्हणूनच घात होतो. रेघ फक्त आपल्या जोडीच्या बाटलीशी खरं बोलते.

एका शेतकऱ्याला वीस युनिट सांगितले होते. बाटली ४० ची. गावच्या दुकानात लाल टोपी संपली होती, त्यानं केशरी टोपीची नेली. विसाच्या रेघेपर्यंत भरलं की प्रत्यक्षात जात होते आठ. साखर उतरेना. डॉक्टरांना वाटलं डोस कमी पडतोय. वाढवत वाढवत छत्तीसवर नेला. छत्तीसच्या रेघेला प्रत्यक्षात चौदा-साडेचौदा जात होते, साखर आवाक्यात आली, सगळे खूश. पुढच्या महिन्यात दुकानात लाल टोपीच्या सिरिंजा आल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला खरे छत्तीस गेले. बायकोनं बैलगाडीत घालून आणला तेव्हा तो घामानं निथळत होता आणि तिलाच ओळखत नव्हता.

ग्लुकोज गेल्यावर दहा मिनिटांत उठून बसला. या गोष्टीत कोणाचंच गणित चुकलेलं नव्हतं. त्यानंतर इन्सुलिनच्या प्रत्येक पेशंटला मी सांगत आले: तपासायला येताना बाटली आणि सिरिंज दोन्ही पिशवीत घालून आणा. पेनातल्या काडतुसातून लाल टोपीच्या सिरिंजनं औषध ओढणारेही भेटलेत मला. तिथे उलटं होतं, अडीचपट जातं.

६. बारा लाख म्हणजे किती रुपये?

सांध्यांच्या तापानं हृदयाची झडप खराब झालेल्या मुलांना दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं. वॉर्डातली भाषा अशी: "बेड नंबर सातला बारा लाखांचं आहे." एकदा हे ऐकून एका मुलीचे वडील माझ्यामागे बाहेर आले. हात जोडून म्हणाले, "सिस्टर, बारा लाख कुठनं आणायचं ओ? जमीन इकली तरी येवढं येत न्हाईत." मी हसले नाही. औषधाची बाटली दाखवली. बारा लाख युनिट म्हणजे जेमतेम ९०० मिलिग्रॅमची पांढरी भुकटी.

युनिट हे ग्रॅमसारखं एक माप नव्हे. औषध शुद्ध करून तोलता येत नव्हतं, तेव्हा ते काय काम करतं यावरून त्याचं माप ठरवलं. इन्सुलिनचं सुरुवातीचं युनिट टोरांटोत सशांवरून ठरलं: उपाशी सशाची साखर ठराविक पातळीपर्यंत उतरवायला जेवढं लागेल तेवढं. म्हणून इन्सुलिनचं युनिट, पेनिसिलिनचं युनिट, हेपारिनचं युनिट यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आणि रक्तपेढीतलं एक युनिट रक्त म्हणजे तर पिशवी, ३५० किंवा ४५० मिलिची.

'ड' जीवनसत्त्वाची पुडी साठ हजार युनिटची असते. तिथे दोन टोकाची माणसं भेटतात. एक साठ हजार वाचून घाबरतो आणि घेतच नाही. दुसरा पुडी एवढीशी बघून रोज घेतो, दुधातून, आठवड्यातून एकदा सांगितलेली असताना. ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, तेव्हा साठ हजारांचे झाले दीड मिलिग्रॅम. वजन मिठाच्या काही कणांइतकं, आणि तरी रोज घेतलं तर काही महिन्यांत कॅल्शियम चढून माणूस उलट्या करत दवाखान्यात येतो.

७. प्लेटलेट शंभर पट वाढत नाहीत

डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटचे आकडे व्हॉट्सॲपवर क्रिकेटच्या स्कोअरसारखे फिरतात. एका पेशंटच्या मुलानं वॉर्डात पेढे वाटले: "काल एक पॉइंट दोन होत्या, आज एकशे वीस!" काल एका लॅबनं लाखात लिहिलं होतं, आज दुसऱ्या लॅबनं हजारात. एक लाख वीस हजार तेव्हाही होत्या आणि आताही. पेढे मी घेतले, आणि त्याला बाजूला नेऊन सांगितलं. त्याहून वाईट उलटी बाजू: "दीड होत्या, आता नव्वद झाल्या" असं आनंदानं सांगणारा. दीड लाखांच्या नव्वद हजार झाल्या होत्या.

रोज तपासायचं असेल तर लॅब एकच ठेवा. बदललीच तर दोन्ही कागद शेजारी ठेवून आकड्यापुढचं बारीक अक्षर वाचा.

८. पॉइंटच्या आधी शून्य हवं, शेपटीला नको

स्टुडंट नर्सना मी पहिल्या आठवड्यात एवढंच घोकायला लावायची. अर्धा मिलिग्रॅम लिहायचा तर "०.५". नुसतं ".५" लिहिलं तर टिंब माशीनं घातल्यासारखं दिसतं आणि पाच वाचलं जातं. एक मिलिग्रॅम लिहायचा तर नुसता "१". "१.०" लिहिलं की दहा वाचणारा कोणीतरी भेटतोच.

आम्हाला भेटला. रक्त पातळ ठेवायच्या गोळीचा डोस केसपेपरवर १.० लिहिलेला होता. दुपारच्या पाळीत पाच-पाचच्या दोन गोळ्या वाटीत निघाल्या. त्या आजींनी वाटीत बघून म्हटलं, "काल येकच व्हती की गं माय, आन् रंग बी येगळा." बारावी पास झालेल्या आम्हा तिघींना जे दिसलं नाही ते मोतीबिंदू झालेल्या बाईला दिसलं. पेशंट गोळीबद्दल कुरकुरला तर आधी गोळी बघा, मग पेशंटला समजवा.

मायक्रोग्रॅमचं ग्रीक अक्षर घाईत लिहिलं की एमसारखं दिसतं, आणि हजारपट फरक पडतो. थायरॉइडची गोळी २५, ५०, १०० मायक्रोग्रॅमची असते. तिच्यापुढे मिलिग्रॅम कोणी लिहिलं तरी तेवढी मोठी गोळी बाजारात नाही म्हणून निभावतं. इंजेक्शनात तसं निभावत नाही. आणि इन्सुलिनपुढे युनिटसाठी इंग्रजी यू काढू नका, चारच्या पुढे गोल यू आला की चाळीस होतात. शब्द पूर्ण लिहा.

९. सतरा की सत्तर?

मराठी आकडे कागदावर गोड, फोनवर भयंकर. सतरा आणि सत्तर. एकोणसाठ आणि एकोणसत्तर. सात आणि साठ. रात्री दोनला झोपेतून उठलेले डॉक्टर, मागे लहान मुलांचं रडणं, आणि कानाशी धरलेला काळा फोन. त्यात आपल्याकडे पाव-अर्ध्यांचा वेगळा संसार: पावणेदोन, सव्वा, दीड, अडीच. "दीड गोळी" हे घाईत "अर्धी गोळी" ऐकणारी मुलगी मी पाहिली आहे.

उपाय सोपा आहे. आकडा सुटा करून परत म्हणायचा: "एक सात, सतरा मिलिग्रॅम. बरोबर सर?" आमचे एक जुने डॉक्टर याला चिडायचे. "बहिऱ्या आहात का सिस्टर?" म्हणायचे. मी म्हणायची, "हो सर, रात्री असते." आणि परत म्हणायची.

१०. थेंब दोन जातींचे

सलाईनच्या साध्या सेटमधून साधारण वीस थेंबांचा १ मिलि होतो. लहान मुलांच्या मायक्रो सेटमधून साठ थेंबांचा. कागदावर "ताशी ६० मिलि" असेल तर साध्या सेटवर तीनानं भागायचं, मिनिटाला वीस थेंब. मायक्रो सेटवर जेवढे मिलि तेवढेच थेंब, साठ. पंप नसलेल्या वॉर्डात या दोन वाक्यांवर मी आयुष्य काढलं, त्या वाक्यांवर आणि सेकंदकाट्याच्या एचएमटी घड्याळावर.

सेट बदलला आणि पाळी संपवून ओव्हर देताना फक्त "वीस थेंबांनी चालू आहे" एवढंच सांगितलं तर? पुढची सिस्टर मायक्रो सेटवर वीसच थेंब ठेवते, आणि बाळाला पाण्याचा तिसरा हिस्साच मिळतो. उलट झालं तर तिप्पट. म्हणून ओव्हर देताना आम्ही थेंब सांगायचं बंद केलं. ताशी मिलि सांगायचं, थेंब ज्याचे त्यानं काढायचे.

११. मोठा आकडा, बारीक सुई

सलाईनच्या सुयांचा गेज उलटा चालतो. १८ नंबरची हिरवी जाड, २२ ची निळी बारीक, २४ ची पिवळी बाळांसाठी. लघवीच्या नळीचा नंबर मात्र सरळ चालतो: तीन नंबर म्हणजे १ मिलिमीटर जाडी, तेव्हा १६ ची नळी १२ पेक्षा जाड. नवीन मुलींना हे दोन नियम एकत्र सांगू नका, दोन वेगळ्या दिवशी सांगा. ॲड्रेनॅलिनचंही असंच. १:१००० आणि १:१०,०००. दहा हजारवालं मोठं वाटतं, पण ते दहापट पातळ असतं. पहिल्यात १ मिलिमध्ये १ मिलिग्रॅम, दुसऱ्यात एक दशांश.

१२. जुनी मापं मरत नाहीत, कपडे बदलतात

भारतात दशमान वजनं १९५८ च्या ऑक्टोबरपासून लागू झाली, पण माझी आजी बाळाचं वजन शेवटपर्यंत पौंडातच विचारायची. "साडेपाच पौंड? मग बाळ नाजूक हो." साडेपाच पौंड म्हणजे अडीच किलो. आजही त्याच्या खालच्या बाळाला आम्ही कमी वजनाचं म्हणतो. आजीचा आकडा बरोबरच होता.

अ‍ॅस्पिरिन ३२५ मिलिग्रॅमच का, सरळ ३०० का नाही? कारण ती गोळी मुळात पाच ग्रेनची, आणि ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. तापाची ६५० ची गोळी त्याच हिशेबानं दहा ग्रेनची. ९८.६ चंही तेच. कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरनं १८६८ मध्ये निरोगी माणसाचं तापमान ३७ सेल्सियस सांगितलं, तो गोल आकडा. फॅरनहाइटमध्ये नेल्यावर त्याला दशांश चिकटला, आणि आता ९९ आलं की आया घाबरून फोन करतात. रक्तदाबातले १२० म्हणजे पाऱ्याच्या खांबाची उंची मिलिमीटरमध्ये. पारा विषारी म्हणून रुग्णालयांतून चाललाय, नव्या मशीनमध्ये त्याचा थेंबही नसतो, तरी आकडा पाऱ्याचाच.

फक्त एका जुन्या मापाबाबत मी आजीशी भांडायची. बाळगुटीत हळकुंडाचे इतके वळसे, जायफळाचा एकच, असा तिचा हिशेब. सहाणेवर उगाळणारा तिचा हात साठ वर्षांचा, तिचा वळसा दरवेळी सारखा पडायचा. सुनेचा हात कामाला सरावलेला, दाबून उगाळणारा. तिच्या एका वळशात जायफळ दुप्पट निघायचं आणि बाळ संध्याकाळपर्यंत गुंगीत राहायचं. वळसा हे माप आजीबरोबरच राहायला हवं होतं. हात बदलला की माप संपलं.

१३. वीस म्हणजे वीस काय?

हे मी सगळ्यांत उशिरा शिकले, आणि चूक माझीच होती.

सर्जिकल वॉर्ड, रात्रपाळी. एका पेशंटचं पोटॅशियम उतरलं होतं. फोनवर ऑर्डर आली, मी नियमाप्रमाणे परत म्हटली, ऑर्डरबुकात लिहिली: "केसीएल २०, सलाईनमध्ये." पुढचं लिहिलं नाही, कारण मला माहीत होतं. वीस मिलिइक्विव्हॅलंट. आपल्याकडच्या दहा मिलिच्या ॲम्प्यूलमध्ये बरोबर तेवढं असतं, १ मिलिमध्ये दोन. म्हणजे एक ॲम्प्यूल.

दुसऱ्या वर्षाची स्टुडंट होती, कामाला चटपटीत. तिनं दोन ॲम्प्यूल फोडल्या, वीस मिलि सिरिंजमध्ये ओढले आणि अर्ध्या लिटरच्या बाटलीपाशी गेली. तिथून परत फिरली. मी तीन पेशंटचे चार्ट भरत होते. म्हणाली, "सिस्टर, वीस म्हणजे एमएल ना?"

मी मान वर न करता म्हटलं, "वीस म्हणजे वीस. लिहिलंय ना तिथे?"

ती गेली नाही. हळूच म्हणाली, "तिथे नुसतंच वीस लिहिलंय, सिस्टर."

मी वर बघितलं. तिच्या ट्रेमध्ये दोन रिकाम्या ॲम्प्यूल होत्या. दुप्पट पोटॅशियम, अर्ध्या लिटरमध्ये, हातातल्या बारीक शिरेतून. आधी शीर भाजली असती, मग हृदयाचे ठोके बिघडले असते, आणि सकाळी आम्ही पेशंटच्या प्रकृतीला दोष दिला असता.

तिनं सिरिंज टाकून दिली, नवी ॲम्प्यूल घेतली. जाण्याआधी ऑर्डरबुक उघडून माझ्यापुढे सरकवलं आणि तिथेच उभी राहिली, काही न बोलता. मी विसाच्या पुढे "मिलिइक्विव्हॅलंट" हा शब्द पूर्ण लिहिला. त्या ओळीत मावला नाही, खालच्या ओळीत गेला.